दार तिथे मदत

वादळानंतर तिसऱ्या दिवशी मदत आली. म्हणजे प्रत्यक्ष मदत नव्हे, मदतीची पद्धत आली. मदत मागाहून ट्रकने येणार होती.

पद्धत जीपमधून आली. तिच्यासोबत एक मॅडम होत्या, वय सव्वीस-सत्तावीस, पायांत गमबूट, आणि एक टॅबवाला. टॅबवाल्याला आईबापांनी ठेवलेलं नाव असणारच, पण तो बोलताना समोरच्या माणसाऐवजी गळ्यातल्या टॅबकडे बघायचा, म्हणून आम्हीही त्याला टॅबवाला म्हणूनच हाक मारायचो. दोघांनी शाळेत मुक्काम टाकला आणि पहिलं काम म्हणून फाटकावर एक फ्लेक्स बांधला. वीस फूट लांब, दहा फूट रुंद. त्यावर चार देणगीदार हसत होते. त्या दिवशी अख्ख्या गावात हसणारी तेवढीच चार माणसं होती.

मी पेंटर आहे. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि पाट्या रंगवायला लागलो, यात अर्थशास्त्राचा काही दोष नाही. वीस वर्षं गावातल्या प्रत्येक दुकानाची पाटी माझ्या हातची होती. मग फ्लेक्स आला आणि धंदा बसला. तेव्हापासून फ्लेक्सचा तुकडासुद्धा घरात येऊ द्यायचा नाही असा मी नियम केला. लोक जुने फ्लेक्स नेऊन छपरावर अंथरायचे. मी नाही अंथरला. वादळात आमच्या घराचे पत्रे उडाले आणि आम्ही चौघं शाळेत इयत्ता चौथीच्या वर्गात राहायला गेलो, तेव्हा बायको एवढंच म्हणाली की तुमच्या तत्त्वाला चार खिळे ठोकून ठेवायला हवे होते.

मॅडमना पेंटर हवा होता, कारण पद्धतीचं नाव होतं ‘दार तिथे मदत’. त्यांनी मला बाकावर बसवून ती समजावून सांगितली. रांगेत उभं राहिलं की माणसाचा मान जातो. शिवाय कुठल्याशा गावी रांगेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली होती. म्हणून रांग नाही. प्रत्येक घराच्या दर्शनी दारावर क्रमांक घालायचा. शनिवारी संस्थेची माणसं त्या दाराशी जाणार, दार वाजवणार, आतल्या माणसाने दार उघडलं की उंबऱ्यावरून त्याच्या हातात मदत देणार. फोटो काढायचा तो दाराचा आणि क्रमांकाचा. माणसाचा चेहरा त्यात येता कामा नये.

खरं सांगतो, ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावात दार वाजवून आजवर फक्त वसुलीवाले आले होते.

पद्धतीची चाळीस पानी मार्गदर्शिका होती. ती पूर आलेल्या गावांवरून तयार केली होती. पुरात घरात चिखल होतो, दार जागेवर राहतं. वादळात काय जागेवर राहतं, हे तीत नव्हतं. सव्विसाव्या पानावर एक ओळ मात्र होती: दार न आढळल्यास कुटुंब स्थलांतरित समजावे.

ती ओळ मी पहिल्या दिवशी वाचली होती. वाचून पान उलटलं होतं.

बुधवारी सकाळपासून मी वरच्या रस्त्याने निघालो. एक वही, एक ब्रश, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. आकडा चार इंच उंच, जमिनीपासून पाच फुटांवर. वरच्या रस्त्याची घरं स्लॅबची. त्यांच्या कुंड्या फुटल्या होत्या, एका बंगल्याची टीव्हीची डिश वाकली होती. एका बाईंनी मला सागवानी दाराला हात लावू दिला नाही, क्रमांक कागदावर लिहून द्या म्हणाल्या. मग मदतीत चादरी आहेत हे कळल्यावर, जरा मोठा काढा, लांबून दिसायला हवा, असंही म्हणाल्या. दुपारपर्यंत मी एकशे चाळीस आकडे काढले. प्रत्येकाला बारीक सावलीही दिली. खूप वर्षांनी हाताला काम मिळालं होतं.

दुपारी खालच्या वस्तीत उतरलो. तिथे माझी ताई राहायची.

वस्तीत तीनेकशे घरं होती. आता तीनेकशे जोती होती. खाडीचं पाणी आत शिरून परत गेलं होतं आणि जाताना जोत्यावरचं सगळं घेऊन गेलं होतं. जोत्याजोत्यावर माणसं बसली होती, आपापल्या जोत्यावर, व्यवस्थित. कोण कुठल्या खोलीत बसायचं तेही चुकत नव्हतं. मी ब्रश घेऊन मधल्या गल्लीतून चाललो होतो आणि मला ब्रश टेकवायला एक फळी दिसत नव्हती.

ताईच्या जोत्यावर लोखंडी खाट तेवढी राहिली होती. खाटेवर भावोजी. आढं खाली आलं ते त्यांच्या छातीवर. डॉक्टर मंगळवारी येऊन गेले होते. दोन बरगड्या मोडल्यात, एक फुप्फुसाला लागलेली असू शकते, दहा दिवस जागचं हलवायचं नाही, या गोळ्या. आणि मुख्य म्हणजे कोरडं ठेवा, छातीत सर्दी उतरली तर माझ्या हातात काही नाही. एवढं सांगून डॉक्टरांनी वर बघितलं. वर आभाळ होतं. डॉक्टर पुढच्या जोत्यावर गेले.

गावात ताडपत्री उरली नव्हती. मी माझ्याकडचा जुना कापडी बॅनर आणून चार बांबूंवर ताणला होता. त्यावर माझ्याच सुंदर अक्षरांत लिहिलं होतं: भव्य सेल, पन्नास टक्के सूट.

“म्हणजे मी अर्धाच भिजणार,” भावोजी म्हणाले. मोठ्याने हसता येत नव्हतं, म्हणून डोळ्यांनी हसले.

भावोजी निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं त्यांनी गावाची पत्रं वाटली. स्वतःच्या दाराला त्यांनी हौसेने पितळी झडपेची खाच करून घेतली होती, पत्र टाकायला. तिच्यातून तीस वर्षांत विजेच्या बिलाखेरीज काही आत आलं नाही, कारण पोस्टमनला पत्र कोण लिहिणार? दाराचा रंग माझा. औषधाच्या दुकानाच्या पाटीचा हिरवा उरला होता, त्यात बसस्टँडचा पिवळा ओतला. ताई आयुष्यभर त्या रंगाला शेवाळं म्हणाली.

ताईने मला विचारलं, आमचा नंबर कितवा? मी म्हणालो, बघतो.

मॅडम वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी सांगितलं की खाली दारंच नाहीत, तेव्हा त्यांनी सव्विसावं पान काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. वरिष्ठांना फोन लागत नव्हता, मनोरा पडला होता. नियम बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. वेळ देणं होतं. त्या म्हणाल्या, “काका, उद्या संध्याकाळपर्यंत ज्यांना आपलं दार सापडेल, त्यांचा नंबर घालू. शुक्रवारी केव्हाही फेरतपासणी होईल. दार चौकटीत हवं, जागेवर हवं, उघडझाप व्हायला हवी.”

मी विचारलं, ज्यांना सगळं सोडून शाळेत येऊन राहायचंय त्यांचं काय? त्यांनी पान बघून सांगितलं की मग ते स्थलांतरितच झाले.

गुरुवारी सकाळी खालची वस्ती दारं शोधायला बाहेर पडली. कुणी मुलांचे कपडे शोधत होतं, कुणी माणूस शोधत होतं, त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि दार शोधायला लागले. खाडीच्या चिखलात, झुडपांत, पुलाच्या कमानीत दारं अडकली होती. कपाटाचं दार चालणार नाही असं टॅबवाल्याने कळवलं. मोरीचं पत्र्याचं दार चालेल. दुपारपर्यंत वस्तीत सत्तर-ऐंशी दारं उभी राहिली. नुसती दारं. ना भिंत, ना छप्पर. मोकळ्या जोत्यावर एक चौकट, तिला दोन बांबूंचा टेकू आणि आत एक बंद दार.

टॅबवाला मागे आणि मी पुढे, अशी तपासणी झाली. तो दार वाजवायचा. दाराच्या पलीकडे म्हातारी बसलेली असायची, डावीकडूनही दिसायची आणि उजवीकडूनही. ती विचारायची, कोण आहे? हा म्हणायचा, मदतवाले. मग ती थांबा म्हणायची, गुडघ्यावर हात टेकून उठायची, कडी काढायची आणि दार उघडून, या, म्हणायची. टॅबवाला टॅबवर टिचकी मारायचा. कुणीही हसत नव्हतं. एका माणसाने घाईत बाजूने वळसा घालून यायचा प्रयत्न केला, तेव्हा शेजाऱ्यांनीच त्याला दटावलं.

ताईचं दार काही सापडलं नव्हतं. मी सकाळी दोन तास खाडीत कमरेएवढ्या पाण्यात हिंडून आलो होतो. दोनशे अकरा नंबर घातला आणि पलीकडच्या गल्लीत वळलो, तर समोर शेवाळी दार उभं. पितळी झडपेसकट.

ते टेलरच्या जोत्यावर होतं. टेलरचं घर म्हणजे ताईच्या घराची पाठ. दोन घरांत एकच सामाईक भिंत होती आणि तिच्यावरून पंचवीस वर्षं दोन्ही घरांत अबोला होता. ती भिंत आता नव्हती. अबोला होता.

टेलर दाराशेजारी उकिडवा बसला होता. त्याच्या दोन मुली दारामागे होत्या. धाकटी चारेक वर्षांची, झडप वर करून खाचेतून माझ्याकडे बघत होती.

मी टॅबवाल्याला म्हणालो, रंग संपला, डबा आणायला जा. तो गेल्यावर टेलरने माझ्याकडे न बघताच सुरुवात केली.

“माहितीये मला कुणाचं आहे ते. तुमच्या रंगाला गावात जोड नाही.”

मी ब्रश खाली ठेवला.

“धाकटी याच्यावर सापडली,” तो म्हणाला. “पालथी. खाचेत बोटं घालून धरलं होतं. त्यांची आई नाही सापडली.” मग म्हणाला, “तुम्ही म्हणाल तर उचलून देतो. मीच आणून ठेवतो.”

दार माझ्या बहिणीचं होतं. ते नेलं तर तिला मदतीतली ताडपत्री मिळणार होती आणि या दोन मुलींना नाही. ठेवलं तर उलट. वहीत दोनशे बाराचा आकडा मी घालून ठेवला होता, पुढे नाव कोरं. मी ताईकडे गेलो. तिला सगळं सांगितलं, धाकटीच्या बोटांसकट. आता सांगायला हरकत नाही, मला वाटत होतं की ताईने रडावं, ओरडावं आणि मला दार आणायला पाठवावं. म्हणजे मग पाप तिच्या नावावर.

ताई म्हणाली, “मग ते त्यांचंच झालं.” आणि माझ्या हातातली वही घेऊन भावोजींना वारा घालायला लागली.

भावोजी डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की दाराला बाजू किती असतात. मला वाटलं ताप चढला.

त्यांनी थांबून थांबून सांगितलं. त्यांच्या बीटावर एक घर होतं. दोन भाऊ, वाटणीवरून भांडलेले, मधे एकच दार. एका गल्लीतून वाजवलं की थोरल्याचं घर, दुसऱ्या गल्लीतून वाजवलं की धाकट्याचं. पत्ते दोन, नंबर दोन. भावोजी तीस वर्षं एकाच दारावर दोन्हीकडून पत्रं देत आले होते आणि कुठल्या साहेबाने हरकत घेतली नव्हती.

“दोन्ही जोत्यांच्या मधोमध उभं करा,” ते म्हणाले. “इकडून वाजवलं की आत त्याचं घर. तिकडून वाजवलं की आत आपलं. कडी तेवढी दोन्ही बाजूंना लावून घे. नाहीतर मेहुणे शिकलेले असून उपयोग काय?”

मी आणि टेलरने दार चौकटीसकट उचलून जुन्या सामाईक भिंतीच्या रेषेवर उभं केलं. पंचवीस वर्षांत टेलर पहिल्यांदा त्या रेषेवर आला. ताईने त्याला दगड दिले, टेकूला. कुणी कुणाशी बोललं नाही. मी ताईच्या बाजूने दोनशे बारा घातला, तो टेलरचा. टेलरच्या बाजूने दोनशे तेरा, तो आमचा.

टॅबवाला डबा घेऊन आला. त्याने ताईच्या जोत्यावर चढून दोनशे बारा वाजवलं. पाठीमागे खाटेवर माणूस पडलेला बघून, हे कोण, म्हणाला.

“शेजारी,” भावोजी म्हणाले. “अंगणात पडलोय.”

टेलरच्या थोरलीने, कोण आहे, विचारून दार उघडलं. टिचकी. मग आम्ही गल्लीला पूर्ण वळसा घालून टेलरच्या जोत्यावर आलो. दोनशे तेरा वाजवलं. ताईने कडी काढली. दारातून समोर तीच खाट आणि तोच माणूस.

टॅबवाला म्हणाला, “हे मघाशी…”

“मघाशी बाहेर होतो,” भावोजी म्हणाले. “आता घरात आहे.”

टॅबवर लाल अक्षरं आली: या ठिकाणाची नोंद आधीच झाली आहे. टॅबवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा असावं, मान वर करून समोर बघितलं. ताईकडे, खाटेकडे, झडपेतून बघणाऱ्या धाकटीकडे. मग तो दाराकडे पाठ करून गल्लीत चालत गेला. दहा पावलं, बारा पावलं, कुणाच्या तरी चुलीत पाय देऊन उभा राहिला, तेव्हा लाल अक्षरं गेली. टिचकी मारून तो तिथूनच पुढे निघाला.

ताईचा नंबर लागला. शनिवारी सकाळी ताडपत्री येणार होती, अठरा फूट बाय बारा फूट. मधे फक्त शुक्रवार होता.

शुक्रवारी दुपारी आभाळ भरून आलं आणि चारला पाऊस सुरू झाला. कापडी बॅनर तासभर टिकला. मग पन्नास टक्के सूट भावोजींच्या पोटावर ठिबकायला लागली. आम्ही खाट ओढून बघितली, चारही बाजूंना सारखंच. टेलर त्याच्या बाजूने भिजत उभा होता. मुलींना त्याने चिखलातून ओढून आणलेल्या टेबलाखाली घातलं होतं. तो दाराच्या खाचेशी वाकून माझ्याशी बोलला. म्हणाला, दार काढू, आडवं करून खाटेवर धरू. सहा फुटी लाकूड आहे, माणूस झाकला जाईल.

मी बिजागरीला हातही घातला होता.

भावोजी म्हणाले, नाही. त्यांचा आवाज आता फुटलेल्या पाव्यासारखा यायला लागला होता. “फेरतपासणी आली आणि दार जागेवर नसलं की निघून गेले, असा शेरा पडतो. मी तीस वर्षं पाकिटांवर तोच शेरा मारलाय. एकदा तो पडला की पत्र पुन्हा त्या दाराशी येत नाही. त्याच्या पोरी आहेत, हिला ताडपत्री हवीय. उभं राहू दे ते.”

ताईने पदर पिळला आणि त्यांच्या छातीवर धरला, पुन्हा पिळला, पुन्हा धरला.

मी शाळेत पळत गेलो. फाटकावर फ्लेक्स होता, वीस बाय दहा, चौघेही हसत होते आणि त्यांच्यावरून पाणी असं घसरत होतं की एक थेंब मागे येत नव्हता. फ्लेक्सच्या मागच्या बाजूला एक कुत्रं कोरडं झोपलं होतं. मी मॅडमकडे फ्लेक्स मागितला. एका रात्रीपुरता. त्यांनी मान हलवली. शनिवारी वाटप सुरू होताना ट्रकसमोर फ्लेक्स धरून फोटो काढायचा होता, तो आल्याशिवाय पुढच्या गावाचा ट्रक सुटत नव्हता. तिथेही माणसं होती. वाटप संपलं की लगेच घेऊन जा, काका, नक्की. मग त्यांनी अंगातला रेनकोट काढून मला दिला आणि स्वतः व्हरांड्यात भिजत उभ्या राहिल्या. रेनकोट छोट्या चणीचा होता. तो भावोजींच्या गळ्यापासून पोटापर्यंत पुरला.

दार रात्रभर पावसात उभं राहिलं. फेरतपासणी आली नाही. पाऊस फार होता म्हणून.

शनिवारी उजाडल्यावर मी खाली गेलो. पाऊस थांबला होता. ताई खाटेजवळ जोत्यावर बसली होती आणि तिने भावोजींचे केस विंचरले होते, मधोमध भांग पाडून. ते तसा भांग पाडत नसत. त्यावरून मला कळलं.

टेलर दाराच्या अलीकडे आला होता, आमच्या बाजूला. त्याला तिने सांगितलं होतं. मला म्हणाली, ओरडू नकोस.

मी खाली बसलो. मग मला एकतिसावं पान आठवलं. आठवायला नको होतं, पण शिकलेल्या माणसाला नको तेव्हा नको ते आठवतं. एकल व्यक्तीस ताडपत्री देय नाही, तिची सोय शाळेत करावी. मी ते ताईला सांगितलं. का सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. हेही सांगितलं की दोनशे तेराची चौकशी निघाली तर दार एकच आहे हे बाहेर येईल आणि टेलरचा नंबरही जाईल.

ताईने ऐकून घेतलं. “ट्रक कितीला?”

“दहाला.”

“मग दहापर्यंत हे आहेत,” ती म्हणाली.

तिने त्यांना कुशीवर वळवलं, तोंड खाडीकडे. रेनकोट खांद्यापर्यंत ओढला. एक हात बाहेर काढून उशीखाली घातला, ते झोपताना घालत तसा. टेलरने मुलींना ट्रकची वाट बघायला गल्लीच्या टोकाला नेऊन उभं केलं. मग आम्ही तिघं बसून राहिलो. ताई मधूनमधून त्यांच्याशी बोलत होती, सवयीने की सरावासाठी, मी विचारलं नाही.

मॅडम सव्वादहाला आल्या, टॅबवाला आणि दोन हमाल घेऊन. आधी दोनशे बारा. मुली पळत परत आल्या होत्या. टेलरने दार उघडलं, टॅबवाल्याने माणसं मोजली, तीन. ताडपत्री, तीन चादरी, बादली, कंदील. फोटो. मॅडमनी जाताना खाटेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. मग सगळे वळसा घालून पलीकडे गेले.

मी ताईच्या बाजूलाच थांबलो. पलीकडून तीन टकटक ऐकू आल्या.

“कोण आहे?” ताईने विचारलं.

“मदतवाले.”

“थांबा, उघडते.”

तिने कडी काढली. टॅबवाल्याने विचारलं, घरात किती माणसं? ताई म्हणाली, दोन. तो आत बघायला लागला. ताई दारातून बाजूला झाली, त्याला नीट दिसावं म्हणून. म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय. टॅबवाला तसाच उभा होता. खाटेवरच्या माणसाचा खांदा हलत नव्हता, हे चार पावलांवरून कुणालाही दिसलं असतं. मॅडम मागून कुजबुजल्या, उठवू नकोस रे त्यांना, दोन टाक.

टॅबवाल्याने दोन टाकलं. पहिली टिचकी चुकली, दुसरी लागली.

ताडपत्री, दोन चादरी, बादली, कंदील. ताईने सगळं उंबऱ्यावरून घेतलं आणि हात जोडले. मॅडम म्हणाल्या, आजी, काळजी घ्या त्यांची. ताई बावन्नची आहे.

ते दिसेनासे झाल्यावर ताईने ताडपत्रीची घडी मोडली. निळी, कोरी, नव्या प्लास्टिकचा वास. तिने ती जोत्यावर पसरली, वर चादर अंथरली. मी म्हणालो, ताडपत्री राहू दे ताई, तुला लागेल. वरून पुन्हा थेंब पडायला लागले होते.

“डॉक्टर म्हणालेत, कोरडं ठेवा,” ती म्हणाली.

आम्ही भावोजींना ताडपत्रीत गुंडाळलं, डोक्यापासून पायापर्यंत, वर दोरी. न्यायला काही नव्हतं. टेलरने न विचारता बिजागऱ्या सोडवल्या आणि दार आडवं केलं. पुढे मी आणि टेलर, मागे शेजारचे दोघं. पाऊस निळ्या प्लास्टिकवर वाजत होता आणि आत जात नव्हता. वाटप वस्तीच्या तोंडाशी, वरच्या रस्त्यावर पोचलं होतं. आम्हाला बघून हमालांनी डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं. मॅडम बाजूला झाल्या, मान खाली घालून. मान खाली घातल्यामुळे त्यांना दाराची खालची बाजू दिसली आणि तिच्यावरचा आकडा. दोनशे बारा. सावलीसकट.

त्यांनी मला विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्यांनी निळ्या ताडपत्रीकडे बघितलं, मग मागून येणाऱ्या ताईकडे, मग बराच वेळ स्वतःच्या गमबुटांकडे.

टॅबवाला म्हणाला, “मॅडम, दोनशे तेराचं…”

“स्थलांतरित टाक,” मॅडम म्हणाल्या.

आम्ही पुढे गेलो.

परतल्यावर टेलरने दार धुतलं आणि पुन्हा त्याच रेषेवर उभं केलं. ते अजून तिथे आहे. आता त्याला टेलरच्या बाजूने भिंत येते आहे, अर्ध्या विटांची, अर्ध्या पत्र्याची. दोनशे तेरा मी पुसायला गेलो होतो, टेलर नको म्हणाला. ताई आमच्याकडे असते. दर दोन दिवसांनी ती खाली जाते, टेलरच्या मुलींची वेणी घालून येते, आणि दोन्ही घरांत अजून अबोला आहे असं सांगते.

मॅडम रविवारी निघाल्या. शब्दाला पक्क्या. जाताना फ्लेक्स स्वतः सोडवून, घडी करून मला देऊन गेल्या, आणि रेनकोट मागितला नाही.

पत्रे अजून मिळालेले नाहीत, म्हणून फ्लेक्स छपरावर टाकलाय. छापील बाजू उन्हाने उडते म्हणून ती आत केली. रोज झोपताना वर बघितलं की चौघे हसत असतात. ताई त्यांच्याकडे बघत पडून असते, झोप येईपर्यंत. काल रात्रभर पाऊस होता. एक थेंब गळला नाही.